एक जोडायचं बाकी आहे

(दृश्य : जिवंत पेशी, वेग वाढवलेलं चित्रण)

ही पेशी पोटोरूची. ऑस्ट्रेलियातला, कांगारूच्या गोतावळ्यातला हा छोटा प्राणी. त्याच्या मूत्रपिंडातल्या या पेशी संशोधकांच्या खास आवडीच्या, कारण विभाजन होतानाही त्या चपट्याच राहतात आणि गुणसूत्रं जेमतेम डझनभर. माणसाच्या 46 गुणसूत्रांची नुसती दाटी होते. इथं एकेक वेगळं ओळखता येतं.

मधोमध रांग लागलीय. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती कोहेसिन या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेल्या. पेशीच्या दोन्ही टोकांकडून, म्हणजे ध्रुवांकडून, प्रथिनांचे तंतू ओढतायत, पण एकही जोडी सुटत नाही.

आता वरचा कोपरा बघा. एक गुणसूत्र ध्रुवापाशीच घुटमळतंय. तंतू जिथं पकड घेतात तो त्याचा एक कायनेटोकोर अजून मोकळा आहे. तेवढ्यासाठी अख्खी पेशी खोळंबलीय! सगळे जोडले जाईपर्यंत विभाजन अडवणारा हा पेशीचा पहारा.

(दृश्य : ॲनिमेशन)

मोकळ्या कायनेटोकोरवर मॅड-2 हे प्रथिन रूप पालटतं आणि आणखी काही प्रथिनांच्या साथीनं सीडीसी-20 या दुसऱ्या प्रथिनाला अडकवून ठेवतं. सीडीसी-20 हाताशी नाही, म्हणून ठरावीक प्रथिनं नष्ट करायला लावणारं एपीसी हे प्रथिनसंकुल बंद. ते बंद, म्हणून सेक्युरिन हे प्रथिन शाबूत. आणि सेक्युरिन आहे तोवर कोहेसिनची कडी कापणारी कात्री, सेपरेझ, जखडलेली.

(दृश्य : लेझरचा ठिपका)

हा पहारा चालवणारी मॅड आणि बब ही जनुकं 1991 मध्ये सापडली ती यीस्टमध्ये. ती बिघडली की तंतू मोडलेले असतानाही यीस्टचं विभाजन थांबेना. मग 1995 मध्ये पेशीशास्त्रज्ञ कॉनली रीडर आणि सहकाऱ्यांनी पोटोरूच्या पेशीतला शेवटचा मोकळा कायनेटोकोर लेझरनं जाळला. गुणसूत्र होतं तिथंच राहिलं, तरी साधारण वीसेक मिनिटांत पेशीचं विभाजन पुढं सरकलं. अडवणारा तोच होता! यीस्ट नि पोटोरू. असल्या कामाला ‘उपयोग काय?’ हे हमखास विचारलं जातं.

(दृश्य : पुन्हा पेशी)

पकड बसली. गुणसूत्र रांगेकडे निघालं. थोडा वेळ काहीच नाही... आणि सगळ्या जोड्या जवळजवळ एकदमच सुटल्या. सेक्युरिनबरोबर, पेशीला विभाजनाच्या अवस्थेत धरून ठेवणारं सायक्लिन-बी हे प्रथिनसुद्धा नष्ट होतंय, त्यामुळे आता माघार नाही.

वाटणी चुकली तर एका पेशीत गुणसूत्र जास्त, दुसरीत कमी. कर्करोगाच्या बहुतेक गाठींत असा घोळ आढळतो. एकाच कायनेटोकोरला दोन्ही ध्रुवांच्या तंतूंनी धरलं, तर हा पहारा सहसा फसतो, कारण जागा मोकळी दिसतच नाही. ते मात्र आमच्या कॅमेऱ्यात आलं नाही.