जमिनीला कणकण

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यात बसून खोली गरम करण्याबद्दल बोलायचं म्हणजे हसायलाच येणार. आपल्याकडे माणसं एसी अठरावर ठेवतात आणि वर ब्लँकेट घेतात. त्याबद्दल मला एकदा वेगळं बोलायचंच आहे. पण घोडबंदर रस्त्याला येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना विचारा, जानेवारीत पहाटे त्या गुळगुळीत फरशीवर पाय ठेवताना काय होतं ते! बिल्डरला ही बर्फासारखी चकचकीत टाइल कोण सुचवतं कोण जाणे. आमच्या जुन्या घरातली शेणानं सारवलेली जमीन कधी अशी टोचली नाही. असो.

आमचा दादा नोकरीनिमित्त काही वर्षं नॉर्वेत होता. तिकडे बाथरूमची फरशी खालून गरम असणं अगदी सर्रास. आईचे गुडघे दुखतात, म्हणून इथल्या घराचं काम काढलं तेव्हा त्यानं तिच्या खोलीत तेच करून घेतलं. खाली इन्सुलेशनचा बोर्ड, नाहीतर आपण खालच्या मजल्यावरच्यांचं छत गरम करत बसणार. त्यावर जाळीला चिकटवलेली विजेची केबल, आणि वर टाइल. पलंग आणि कपाटाखाली केबल नाही, फक्त मोकळ्या जागेत. सात चौरस मीटरला साधारण हजार वॉट, म्हणजे सतत चालू राहिली तर तासाला एक युनिट. गरम पाण्याच्या पायपांचा प्रकारही असतो, पण त्याला जमिनीची उंची वाढवावी लागते आणि पाणी तापवायची सोय लागते. तयार फ्लॅटमध्ये ते कुठे करत बसणार?

पहिल्या रात्री आई पलंगावरून उतरली, उभी राहिली, वाकून फरशीला हात लावला आणि म्हणाली, "का रे, जमिनीला कणकण आलीय का?"

आठवडाभर कौतुक झालं. मग एका रात्री खोली गार. भिंतीवरचा थर्मोस्टॅट अठ्ठावीस अंश दाखवतोय आणि वहिनीचे पाय काकडलेत! दादानं बटणं दाबली, मेन स्विच बंद-चालू केला, नॉर्वेतल्या मित्राला फोनही लावला. सकाळी इलेक्ट्रिशियन आला. त्यानं मीटर लावला. केबल बसवताना तिचा रोध डब्यावर लिहून ठेवला होता पन्नास ओहम, आताही पन्नासच. म्हणजे केबल शाबूत. मग तो फरशीवर मांडी घालून बसला, हातानं चाचपत चाचपत भिंतीपर्यंत गेला आणि विचारलं, "आजी, ह्या गोधड्या रोज इथेच असतात?"

चार गोधड्या. आईच्या जुन्या नऊवारींच्या, स्वतः शिवलेल्या, चार-चार घड्या घालून एकावर एक. रात्री अंगावर घेताना ऊबदार मिळाव्यात म्हणून तिनं त्या बरोबर त्या कोपऱ्यात ठेवलेल्या, जिथे फरशीखाली थर्मोस्टॅटचा, जमीन किती तापली ते मोजणारा सेन्सर होता. गोधडीखालची ऊब बाहेर पडेना, तेवढाच तुकडा तापला, सेन्सरला वाटलं सगळी जमीन तापली, आणि त्यानं वीज बंद केली.

गोधड्या उचलल्या. तासाभरानं जमीन पुन्हा कोमट. दादा समजावायला लागला तर आई म्हणाली, "एवढं महागाचं यंत्र, आणि माझ्या लुगड्याला भ्यालं?"

तर लक्षात ठेवा, गरम जमिनीवर जाड काही पसरायचं नाही. गादी नाही, सतरंजी नाही, गोधड्यांचा ढीग तर नाहीच नाही. पुन्हा सांगते, जाड काही पसरायचं नाही.

दुसरं, ही ऊब हळू येते. मे महिन्यात गच्चीची फरशी रात्री अकरालाही पायाला कोमट लागते ना? तीच गोष्ट उलटी. झोपताना बटण दाबून चालत नाही, तास-दीड तास आधी लावायचं. हीटरची गरम हवा छताला जाऊन बसते. इथे पाय गरम आणि डोकं थंड, त्यामुळे खोली फार तापवावी लागत नाही. राहत्या खोलीची फरशी एकोणतीस अंशांच्या वर नेऊ नये, असा युरोपातला दंडक आहे. आणि ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. तो नसेल तर हे करूच नका.

ही कल्पना नवी नाही बरं का. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालून फिरवून घर उबदार करत. काश्मीरच्या हमामात दगडी लाद्यांखाली लाकडं जळतात आणि वर माणसं बसतात. विजेची केबल नंतरची.

आता हे सांगायचं राहिलंच. यंदा जुलैत दादा ऑफिसातून लवकर आला तर आईच्या खोलीत दिवा नाही, पंखा जोरात, आणि थर्मोस्टॅट चालू! नातवाचे शाळेचे युनिफॉर्म खुर्च्यांच्या पाठींवर ओळीनं टाकलेले आणि दाराशी इडलीच्या पिठाचं पातेलं. सेन्सरचा कोपरा मात्र तिनं लख्ख मोकळा ठेवला होता. दादा म्हणाला, "आई, हे थंडीसाठी आहे." आई म्हणाली, "ठाण्यात थंडी किती दिवस असते रे?"

आता त्या खोलीत कपडे वाळत घालायला दोरी बांधलीय. पीठही चांगलं फुगतं म्हणे. नमस्कार.