विकासदर आणि तापीकाठचे पंपगृह

नमस्कार, श्रोतेहो. २०२४-२५ या वर्षात देशाची अर्थव्यवस्था ६.५ टक्क्यांनी वाढली, असा अंदाज मे २०२५ मध्ये जाहीर झाला. हा आकडा आनंदाचाच आहे. परंतु तो सरासरीचा आकडा आहे, आणि सरासरीत जळगाव, धुळे, नंदुरबार कोठे उभे आहेत हे दिसत नाही.

शहादा तालुक्यात तापीकाठी माझ्या मामांचे गाव आहे. काही वर्षांपूर्वी फाल्गुनात मी तेथे गेलो, तेव्हा मामा मला थेट नदीवर घेऊन गेले. बॅरेजमुळे पात्र भरलेले होते, आणि काठावर उपसा सिंचन योजनेचे पंपगृह बंद उभे होते. मामांनी स्टार्टरच्या पेटीचे तारेने बांधलेले झाकण उघडले, तर आत चिमणीने कापसाचे घरटे केले होते. पंपाला वीज नव्हती, दुरुस्तीला पैसा नव्हता, माणूस नेमलेला नव्हता. मामा म्हणाले, "देख भाचा, पानी डोयाले दिखस, पन वावरले भेटत नही." त्यांची दोन एकर पपई तेथून हाकेच्या अंतरावर होती. डिझेल इंजिन आणि भाड्याचे पाइप लावून ते पाणी ओढत. डिझेलचा खर्च झेपेना, तेव्हा एक एकर उभी बाग त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली. त्या दिवशी संध्याकाळी ते जेवले नाहीत.

बांधकामावरचा खर्च वेगळा आणि ते चालवण्यावरचा खर्च वेगळा. पुन्हा सांगतो, बांधणे वेगळे आणि चालवणे वेगळे. पहिल्या खर्चाचे उद्घाटन होते. दुसऱ्याची तरतूद दरवर्षी करावी लागते आणि कपातीची कुऱ्हाड प्रथम तिच्यावरच पडते.

राज्यातील प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने जिल्हा हा एकक धरून ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा मागे राहिलेल्या जिल्ह्यांची विकासातील तूट, काढला. पुढे १९९४ मध्ये विकासनिधीचे समन्यायी वाटप व्हावे म्हणून वैधानिक विकास मंडळे आली, तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा यांना स्वतंत्र मंडळे मिळाली, तर खानदेश 'उर्वरित महाराष्ट्र' या मंडळात मुंबई आणि पुण्यासोबत गेला. ज्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, त्याची गरज मुंबईच्या संपत्तीबरोबर एका टोपलीत मोजली, तर ती दिसणार कशी? अनुशेष जिल्ह्यावारच, शक्य तर तालुक्यावारच मोजला पाहिजे. शिवाय माझे फार दिवसांपासूनचे मत आहे की अर्थसंकल्पातील आपल्या जिल्ह्याची पाने प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजेत, आणि शाळेतल्या मुलांनी ती मोठ्याने वाचली पाहिजेत.

मामांनी यंदा उरलेल्या एका एकरात पुन्हा पपई लावली आहे. पाणी अजून डिझेलवरच ओढावे लागते.