इटास्का : जिथे मिसिसिपी गुडघाभर असते

[पहाट. तळ्यावर धुकं.]

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहणारा मराठी माणूस कधी ना कधी नदीचं मूळ पाहायला निघतोच. मिनियापोलिसहून उत्तरेला साधारण चार तास गाडी हाकली की इटास्का स्टेट पार्क येतं. राज्यानं राखलेलं हे जंगल. त्यात शंभरावर लहानमोठी तळी आहेत आणि त्यांतल्या इटास्का तळ्यातून मिसिसिपी निघते.

[दगडांवरून नदी ओलांडणारी मुलं.]

पाणी जेमतेम गुडघाभर, तळाचे खडे मोजावेत इतकं नितळ. हीच नदी पुढे सुमारे पावणेचार हजार किलोमीटर वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. आणि निघते ती दक्षिणेला नाही, आधी उत्तरेला! १८३२ साली उगम शोधायला निघालेल्या हेन्री स्कूलक्राफ्टला इथवर आणलं ते ओझाविंडिब या ओजिब्वे वाटाड्यानं. ओजिब्वे म्हणजे इथले मूळनिवासी. नकाशावर मात्र 'वेरिटास' (सत्य) आणि 'कापुट' (शिर) या दोन लॅटिन शब्दांची टोकं छाटून जोडलेलं 'इटास्का' हे नाव चढलं. ओजिब्वे लोकांसाठी हे एल्कचं, म्हणजे मोठ्या हरणाचं, तळं होतं, हेही मुलांना इथेच सांगावं.

[सायकली, पाइनची सावली.]

सायकली आणल्या असतील तर गाडी तंबूपाशीच राहू द्या. सुमारे २६ किलोमीटरचा फेरा आहे. थोडा भाग फक्त सायकलींचा, बाकीचा एकेरी रस्ता मोटारींसोबत. चढउतार पोटऱ्यांना जाणवतात, पण दर चढावर थांबायला निमित्त आहेच. लाल पाइनच्या सुया दोन-दोनच्या जुडीत असतात. वाकवली की कट्कन मोडते. पांढऱ्या पाइनच्या पाच-पाच, आणि हाताला मऊ. यातली काही झाडं दोनशे वर्षांपलीकडची आहेत.

ती उभी आहेत, कारण १८९१ साली विधिमंडळात हे पार्क एका मतानं का होईना, मंजूर झालं. आणि १९०३ साली मेरी गिब्ज बंधाऱ्यापाशी उभी राहिली. वय वर्षं चोवीस. वडील वारल्यावर पार्कचा कारभार तिच्याकडे आला होता. ओंडके वाहून न्यायला लाकूडवाल्यांनी पाणी अडवलं होतं, तळं फुगून काठची झाडं बुडत होती. दारं उघडा, म्हणून ती तिथे गेली. समोर बंदूकधारी माणसं होती, तरी ती मागे हटली नाही. पुढे काही महिन्यांतच तिचं पद गेलं. नदीच्या उगमाजवळच्या केंद्राला आज तिचं नाव आहे. उगमाआधी दोन मिनिटं तिथे थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

[दुपार कलते. धक्क्यावर गळ टाकून बसलेली आजी आणि नात.]

वॉलाय, नॉर्दर्न पाइक हे मासे नावाजलेले, पण मुलांच्या गळाला लागतो तो ब्लूगिल. गांडुळाचा तुकडा, छोटासा तरंडा, बस्स. तरंडा दोनदा थरथरतो आणि बुडतो. तळहाताएवढा मासा, कल्ल्यापाशी निळसर काळा ठिपका. धरण्याआधी हात ओला करायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पाठीवरचे काटे आडवे करायचे आणि गळ हळूच सोडवायचा.

गळाला शिशाचं वजन मात्र लावू नका. लून हा इथला पाणपक्षी अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो. त्यात शिशाचा एक तुकडा पोटात गेला, तरी तो मरतो. कथलाची वजनं मिळतात, तीच घ्या.

[रात्र. तंबू, विझत आलेली शेकोटी.]

सरपण घरून आणायचं नाही, लाकडातून किडे जंगलात येतात. इथलंच विकत घ्यायचं. निजण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतलं, धूर पांगला. तळ्याच्या मधोमध लूननं लांब हाक दिली. क्षणभर काहीच नाही. मग पलीकडच्या काठावरून दुसऱ्यानं ओ दिली.