४० साइझच्या ट्रेनरला ६१ चं इंजिन? आधी वजनकाटा काढा!

नमस्कार मंडळी! रिमोटने उडवायच्या मॉडेल विमानांच्या गेल्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच: "दादा, ट्रेनरला, म्हणजे शिकायच्या विमानाला, इंजिन कुठलं घेऊ?" म्हणून आज तेवढंच.

इंजिनाच्या खोक्यावरचं ४६ म्हणजे सीसी नव्हे. ते ०.४६ घनइंच, साधारण साडेसात सीसी. ४० म्हणजे साडेसहा, ६१ म्हणजे दहा. किटवर "४० साइझ" असेल तर टू-स्ट्रोक ४० किंवा ४६. झालं, पुढे.

आता माझा जीव तुटतो ती गोष्ट. "६१ बसवतो, जास्त वाटलं तर थ्रॉटल कमी ठेवीन." अहो, थ्रॉटल कमी केला म्हणून वजन उतरत नाही!

हिशोब करू. मोठ्या इंजिनामुळे नाकात समजा २०० ग्रॅम वाढले. इंजिन तोलबिंदूच्या ३० सेंटीमीटर पुढे, शेपूट ७५ मागे. तोल साधायला शेपटीत ८० ग्रॅम शिसं. म्हणजे २८० ग्रॅम, आणि पंख तेवढाच!

पंख तेवढाच राहून वजन वाढलं की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाही तो वेग, वाढतो. मी पहिल्या ट्रेनरला ६१ च लावलं होतं. कर्जतकडे, भातकापणी झालेल्या खाचरात उतरवताना वेग कमी केला आणि डावा पंख खाली गेला तो गेलाच. वन रूम किचनमध्ये, भुसा उडू नये म्हणून पंखा बंद ठेवून तीन महिने घासलेला बाल्सा, म्हणजे विमानाचं हलकं लाकूड, होता तो. अजून आठवतं.

आणि थ्रॉटल कमी ठेवणार म्हणता, पण कधीतरी हात पुढे जातोच. ४० च्या हिशोबाने बांधलेलं विमान त्या वेगात सूर मारताना एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, फडफडायला लागले, तर बिजागरं निघतात.

एकांनी लिहिलंय, मुंबईच्या दमट उकाड्यात ताकद कमी पडते, म्हणून मोठं घ्यावं. ताकद थोडी कमी होते, खरं आहे. त्यासाठी ४६ घ्या ना! कितीतरी मॉडेलांत ४० आणि ४६ ची केस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, एकच असते, वजनात फारसा फरक नाही, ताकद मात्र वाढते. दमटपणात काळजी इंधनाची करा. त्यातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, कॅनचं झाकण घट्ट लावा.

पवईच्या ताई, तुमचं ६३ इंची, अडीच किलोचं ट्रेनर ना? ४६ घ्या, ११ बाय ६ इंची प्रॉप (प्रॉपेलर) लावा, आणि पहिल्या काही टाक्या नीडल, म्हणजे इंधन कमीजास्त करणारा स्क्रू, थोडी रिच (इंधन जरा जास्त) ठेवून जमिनीवरच चालवा.