बराफू ते एन्डुटू

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारीतली सकाळ होती. टांझानियाच्या उत्तरेला, सेरेंगेटीच्या माळाच्या दक्षिण टोकाशी एन्डुटू नावाचा भाग आहे. नजर पोचेल तिथवर बुटकं हिरवं गवत. आमची जीप उभी होती आणि वीस-पंचवीस पावलांवर विल्डबीस्टची एक मादी वीत होती. विल्डबीस्ट म्हणजे गाय आणि हरीण यांच्या मधलं वाटावं असं दाढीवालं, उतरत्या पाठीचं जनावर. तिथल्या स्वाहिली भाषेत त्याला न्युंबू म्हणतात. वासरू जमिनीवर पडलं, धडपडलं, दोनदा कोसळलं आणि दहा मिनिटं व्हायच्या आत आईच्या मागे पळायला लागलं. मी बूट काढून बसले होते, कारण चारच दिवसांपूर्वी किलिमांजारो उतरताना माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. ते वासरू पळताना पाहिलं आणि डोळे भरून आले.

मी साताऱ्याची. शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं. परत आल्यापासून ओळखीचे लोक एकच विचारतात, डोंगर आणि जंगल एकाच खेपेत कशाला? विमानाचं तिकीट एकदाच काढावं लागतं, हे त्याचं सरळ उत्तर. निघताना मलाही तेवढंच ठाऊक होतं. आज मात्र त्यापुढचं सांगायचंय. तिथला डोंगर आणि तिथला माळ ही दोन ठिकाणं नाहीतच.

त्या सकाळी आमच्या चालकाने खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि तळहातावर चोळून दाखवली. फिकट राखाडी, पिठासारखी. ती ज्वालामुखीची राख आहे. एन्डुटूच्या पूर्वेला केरिमासी आणि ओल दोइन्यो लेंगाई हे दोन ज्वालामुखी आहेत. ओल दोइन्यो लेंगाई म्हणजे मासाई भाषेत देवाचा डोंगर, आणि तो आजही जागा आहे. हजारो वर्षं वाऱ्याबरोबर त्यांची राख या माळावर येऊन पडली. पावसाने तिच्यातला चुना खाली झिरपला आणि मातीखाली दगडासारखा कठीण थर बसला. त्या थरातून झाडाची मुळं उतरत नाहीत, म्हणून माळावर झाडं नाहीत, फक्त गवत. पण त्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणजे दूध पाजणाऱ्या आईला जे हवं तेच. आणि आडोसा नसल्यामुळे सिंहीण, तरस लांबूनच दिसतात. दहा लाखांहून जास्त न्युंबू दर वर्षी जानेवारी ते मार्चच्या सुमाराला विण्यासाठी इथेच का येतात, याचं उत्तर त्या चिमूटभर राखेत आहे. पाऊस संपला, डबकी आटली की कळप उत्तरेकडे मारा नदीच्या दिशेने चालू लागतात. नदी ओलांडतानाची जी दृश्यं आपण टीव्हीवर पाहतो ती ऑगस्ट-सप्टेंबरची.

आपल्या सह्याद्रीचा दगडही लाव्हाचाच, हे मी मुलांना दर वर्षी सांगायचे. पण आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर येऊन थरांवर थर पसरला. किल्ल्यावरून समोरच्या डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात, ते हे थर. आफ्रिकेत पृथ्वीचं कवच अजून फाटतंय, आणि त्या फाटीच्या आसपास हे शंकूसारखे डोंगर उभे राहिलेत. किलिमांजारो त्यातला सगळ्यात मोठा. शिरा, मावेन्झी आणि किबो अशी त्याची तीन शिखरं. किबोचा माथा ५८९५ मीटर उंच. १९६१ साली देश स्वतंत्र झाला आणि त्या माथ्याला उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव मिळालं.

आम्ही गेलो माचामे वाटेने, सहा रात्री. या वाटेचं फाटकच साधारण १८०० मीटरवर आहे. म्हणजे आपलं कळसूबाई जिथे संपतं, त्याच्याही वर चालायला सुरुवात. मी वर्षभर रोज पहाटे पाठीवर वजन घेऊन अजिंक्यतारा चढत होते. त्याने पाय आणि दम तयार झाला, पण उंचीची सवय सह्याद्री देऊ शकत नाही. ती त्या डोंगरावरच, दिवस घालवून मिळवावी लागते.

फाटकापर्यंतच्या उतारावर चागा लोकांच्या बागा आहेत. केळीच्या सावलीत कॉफी, आणि वरच्या ओढ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या काढून आणलेले पाट. अगदी आपल्या कोकणातल्या बागेत आल्यासारखं वाटलं. मग दाट, ओलं जंगल, झाडांना लोंबणारं शेवाळ, काळी-पांढरी कोलोबस माकडं. दुसऱ्या दिवशी झाडं खुजी होत गेली. त्यावर माणसाहून उंच सेनेसिओ, खांबासारखं खोड आणि डोक्यावर कोबीच्या गड्ड्यासारखा पानांचा झुबका. रात्री गोठतं आणि दुपारी ऊन भाजतं, म्हणून हे झाड आपली वाळलेली पानं टाकत नाही, खोडाभोवती गोधडीसारखी लपेटून ठेवतं. मी त्याच्या खोडाला हात लावून बराच वेळ उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर हा लाव्हाचा सुळका, सुमारे ४६०० मीटर. तिथे माझं डोकं असं ठणकायला लागलं की शिदोरीतली केळीसुद्धा जाईना. मी कुणाला सांगितलं नाही, आणि ही माझी चूक होती. वाटाड्याने चेहऱ्यावरून ओळखलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, पाणी पाजलं आणि सगळ्यात मागे, स्वतःच्या बरोबर चालायला लावलं. त्या दिवशी मुक्काम टॉवरवर नसतो, उतरून ३९०० मीटरच्या आसपास बरांको तळावर झोपायचं असतं. दिवसा उंच जायचं आणि रात्री खाली झोपायचं, शरीराला याचीच गरज असते. बरांकोला पोचेपर्यंत माझं डोकं उतरलं. म्हणून कळकळीने सांगते, पाच दिवसांत शिखर अशी स्वस्त जाहिरात दिसली तर तिकडे वळू नका. एक-दोन दिवस जास्त द्या, सफारीतला एखादा दिवस कमी करावा लागला तरी चालेल. उंचीच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

शिखराआधीच्या शेवटच्या तळाचं नाव बराफू. उंची साधारण ४६७० मीटर. बराफू म्हणजे बर्फ. त्या पाटीपुढे उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला, कारण शब्द आपलाच होता. फारसीतला बर्फ आपल्याकडेही आला आणि जहाजांबरोबर त्या किनाऱ्यावरही गेला. दुकानाला तिथे दुका म्हणतात, पैशाला पेसा, गाडीला गारी, हिशेबाला हेसाबू, साबणाला साबुनी. आमचा आचारी रोज चपाती करायचा आणि तिला चपातीच म्हणायचा.

संध्याकाळी वाटाड्या म्हणाला, आज सहाला निघायचं. मी गोंधळले. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात आणि रात्रीचे सूर्यास्तापासून, तेव्हा रात्रीचे सहा म्हणजे आपले बारा. आपल्याकडे घटिका सूर्योदयापासून मोजायचे, तसंच हे.

बारा वाजता निघालो. काळोख, वारा, बाटलीतलं पाणी गोठलेलं, आणि पुढे डोक्यावरच्या दिव्यांची रांग. वाटाडे सारखं म्हणतात, पोले पोले. सावकाश, सावकाश. माथ्यावर हवेत ऑक्सिजन समुद्रकाठच्या जवळपास निम्माच मिळतो. एक पाऊल, एक श्वास, याहून वेगाने जाताच येत नाही. आमच्यातल्या एकीचा वाटेत तोल जायला लागला, बोलणं अडखळलं. दुसऱ्या वाटाड्याने क्षणाचाही विलंब न करता तिला खाली नेलं, आणि दुपारपर्यंत ती बरी झाली. अशा वेळी खाली उतरणं हेच औषध. शिखर दोन तासांवर राहिलंय म्हणून तिने हट्ट केला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

किबोच्या विवराच्या काठावर, स्टेला पॉइंटला उजाडलं आणि तासाभराने उहुरू. डाव्या हाताला हिमनदीची निळसर भिंत होती. १८४८ साली योहानेस रेबमान या मिशनऱ्याने विषुववृत्ताजवळ बर्फ पाहिला. त्याने तसं कळवलं, तेव्हा लंडनच्या भूगोलतज्ज्ञांनी विश्वास ठेवला नव्हता. १८८९ साली हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर माथ्यावर पोचले. १९१२ मध्ये जेवढा बर्फ मोजला गेला, त्यातला चार पंचमांशाहून जास्त आता उरलेला नाही. वर्गात हे वाचून दाखवणं वेगळं आणि त्या भिंतीसमोर उभं राहणं वेगळं. मला तिथे आनंद झाला आणि फार वाईटही वाटलं.

उतरायला सुरुवात करण्यापूर्वी दूर खाली उत्तरेला केनियाचा पिवळा माळ दिसला. अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाचे हत्ती त्याच भागात. तिथल्या दलदलीला पाणी मिळतं ते किलिमांजारोच्या पोटातून, जमिनीखालून वाहत आलेलं. आणि त्या पाण्याचा मोठा वाटा माथ्यावरच्या बर्फाचा नाही, मधल्या जंगलपट्ट्याचा आहे. धुकं आणि पाऊस ते जंगल धरून ठेवतं. पहिल्या दिवशी ज्या शेवाळाखालून मी भिजत गेले होते, तशाच जंगलावर शेकडो हत्तींचं पाणी अवलंबून आहे, हे मला माथ्यावर उभं राहून कळलं.

आणखी एका गोष्टीवर बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमचे तंबू, अन्न, गॅस, सगळं पोर्टर डोक्यावर आणि पाठीवर वाहत होते. एका पोर्टरवर २० किलोंपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही असा नियम आहे आणि फाटकावर वजन होतं. पण मजुरी वेळेवर मिळते का, पुरेसे कपडे आणि जेवण मिळतं का, हे वजनकाट्यावर दिसत नाही. कंपनी ठरवताना हे प्रश्न तोंडावर विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी कंपनी बघा. बक्षिशीचे पैसे पहिल्यापासून वेगळे काढून ठेवा आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर द्या.

खाली मोशी गावात एक पूर्ण दिवस विश्रांती घेतली. ती घ्याच. डोंगर आधी आणि सफारी नंतर हा क्रमही बदलू नका. आधी सफारी केली तर धूळ, बाहेरचं अन्न, पहाटेची उठबस यांनी शरीर थकतं आणि थकलेलं शरीर घेऊन उंचीवर जावं लागतं. उलट थकलेले पाय जीपमध्ये छान विसावतात. मोसम निवडताना मार्च अखेरपासून मेपर्यंतचा मोठा पाऊस आणि नोव्हेंबरचा छोटा पाऊस टाळा. फेब्रुवारीत डोंगर बहुधा कोरडा असतो आणि माळावर वासरं असतात, म्हणून मला तो महिना सगळ्यात योग्य वाटतो. प्रवासासकट दोन आठवडे हवेत. केनियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घ्या. मलेरियाच्या गोळ्यांचंही विचारून ठेवा, आणि विमा ६००० मीटरपर्यंतचा आहे ना ते बघा. टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत भरा.

सफारीत तारांगिरे उद्यानातले हत्ती आणि गोरखचिंच, मग न्गोरोन्गोरो. ढासळलेल्या ज्वालामुखीचं हे प्रचंड विवर, काठापासून तळ सुमारे ६०० मीटर खोल. तळावर सिंह, रानरेडे, आणि दुर्बिणीतून दिसलेला एक काळा गेंडा. याच काठावर मासाईंची गुरं चरतात. १९५९ साली सेरेंगेटीतून त्यांना इथे हलवण्यात आलं, आणि आता इथूनही त्यांना हलवायचं चाललंय. एका मासाई आजींना गाईमागे चालताना पाहिलं, तेव्हा आपल्याकडच्या धरणात गेलेल्या गावांची आठवण आली.

डोंगराने मला जंगल बघायला शिकवलं, असं मला मनापासून वाटतं. जीपच्या वायरलेसवर सारखे निरोप येतात, अमुक ठिकाणी बिबट्या, तमुक ठिकाणी चित्ता, आणि गाड्या धूळ उडवत धावतात. आम्ही चालकाला सांगितलं, पोले पोले. एका सिंहिणीजवळ दोन तास थांबलो. पहिला तास ती झोपली होती. मग तिने मान उचलली, हळू आवाजात हाक मारली आणि गवतातून तीन पिल्लं बाहेर आली. आधीच्या तासात त्या जागेवरून चार गाड्या थांबून निघून गेल्या होत्या.

ज्यांना ५८९५ मीटर नको वाटतं, त्यांच्यासाठी अरुशाजवळचा मेरू पर्वत आहे, ४५६६ मीटर. त्याच्या पायथ्याचं जंगल अरुशा राष्ट्रीय उद्यानातच येतं, त्यामुळे बंदूकधारी वनरक्षक बरोबर असल्याशिवाय चालू देत नाहीत. आपण पायी, आणि बाजूला जिराफ आणि रानरेडे. डोंगर आणि सफारी तिथे एकाच पायवाटेवर आहेत. मुक्कामाला लाकडी झोपड्या आहेत, आणि माथ्यापर्यंत जाणं झेपलं नाही तर ३८२० मीटरचा छोटा मेरू करून परतता येतं. पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन मी तिथे जाणार आहे.

शेवटच्या संध्याकाळी विमानतळाकडे जाताना किलिमांजारो ढगात होता. आम्ही न सांगताच चालकाने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. रस्त्याकडेला केळी विकणारी एक बाई होती, तीही वर बघत होती. थोड्या वेळाने ढग फाटले आणि इतक्या उंचावर, जिथे आकाशच असायला हवं तिथे, बर्फाची एक गुलाबी पट्टी दिसली. ती बाई म्हणाली, किबो. मी तिच्याकडून केळ्यांचा घड घेतला आणि पट्टी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो.