शनिवार-मंगळवारचा माणूस

मंडळी, २४ एप्रिल २०१८ हा मंगळवार होता. उत्तर इंग्लंडातल्या डॉनकॅस्टर नावाच्या गावात संध्याकाळी एक फुटबॉल सामना झाला. पाहुणा संघ ब्लॅकबर्न रोव्हर्स. त्याचे मालक आपल्या पुण्याचे, म्हणजे चिकन आणि अंड्यांचे वेंकीज. त्यांनी हा क्लब २०१० साली घेतला. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून घसरला, २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली गेला आणि त्या मंगळवारी डॉनकॅस्टरला १-० हरवून पुन्हा वर चढला. पुण्याच्या वर्तमानपत्रांसाठी बातमी ब्लॅकबर्नची होती. मला बोलायचं आहे ते यजमान संघाबद्दल, आणि त्यातही जेम्स कॉपिंजर या एका मिडफिल्डरबद्दल, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूबद्दल.

आधी इंग्लिश फुटबॉलच्या जिन्याची रचना सांगतो. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. म्हणजे वरच्या वीसांखाली ७२ पूर्ण व्यावसायिक क्लब. त्याच्याही खाली नॅशनल लीग. तिथे काही क्लब पूर्णवेळ, काही अर्धवेळ. लीग वनमधून दरवर्षी पहिले दोन थेट वर जातात, तिसरा जातो प्लेऑफमधून, म्हणजे त्यांच्या खालच्या काही संघांच्या बाद फेरीतून, आणि तळाचे चार खाली येतात. लीग टूमधून तिघे थेट वर आणि चौथा प्लेऑफने, खाली दोन. ही शेवटची पायरी सगळ्यात निसरडी. १९८७ पर्यंत तळाचे क्लब मतदानाने वाचू शकत होते. त्या वर्षापासून घसरण आपोआप झाली आणि लिंकन सिटी तिचा पहिला बळी ठरला.

या जिन्यावरच्या मिडफिल्डरला आपण पटकन ‘त्यांचा रणजीपटू’ म्हणून मोकळे होतो. तुलना अर्धीच बरोबर आहे. आपल्या जुन्या रणजीपटूला बँकेची किंवा रेल्वेची नोकरी असायची आणि क्रिकेट त्या नोकरीच्या आधाराने चालायचं. लीग टूच्या खेळाडूची नोकरीच फुटबॉल. तिची मुदत एक वर्ष, फार तर दोन. या एका गोष्टीतून बाकीचं सगळं निघतं.

करार ३० जूनला संपतो. हंगाम मेच्या सुरुवातीला आटोपतो आणि मे महिन्यातच क्लब ‘रिटेन्ड लिस्ट’ जाहीर करतो. कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं, कुणाशी बोलणी चालू आहेत, सगळं त्यात. तिशीतल्या मिडफिल्डरचं नाव सोडलेल्यांत आलं, तर पगाराचे जेमतेम सहा आठवडे हाताशी असतात. तेवढ्यात एजंटमार्फत किंवा जुन्या प्रशिक्षकाला फोन करून दुसरा क्लब गाठायचा. पुष्कळदा तो दीडशे-दोनशे मैलांवर असतो, आणि मुलांची शाळा मात्र इथे. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोस्मन निकालाने करार संपलेला खेळाडू मोकळा झाला, हे खरं. पण मोकळं होण्याचा फायदा ज्याला मागणी आहे त्याला. छोट्या क्लबांनी त्यातून दुसराच धडा घेतला: पुढे विकून पैसे मिळण्याची खात्री नसेल, तर लांब करार द्यायचाच कशाला?

पैशाचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. ऑगस्ट २०२० मध्ये लीग टूच्या क्लबांनी खेळाडूंवरच्या खर्चाला वर्षाला १५ लाख पौंडांची मर्यादा घातली. लीग वनसाठी ती २५ लाख होती. खेळाडूंच्या संघटनेने आव्हान दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादाने ती रद्द केली. तरी आकडा बोलका आहे. १५ लाख बावीस जणांत सारखे वाटले तर आठवड्याला माणशी सुमारे १३०० पौंड होतात, आणि बोनस, कर, एजंटची फी त्यातच. इंग्लंडमध्ये हा पगार चांगला म्हणता येईल, पण तो पस्तिशीला थांबतो. शिवाय करारातली ठरलेली रक्कम बऱ्याचदा कमी असते. बाकीचं मैदानात उतरल्यावर, जिंकल्यावर, बढती मिळाल्यावर. मांडीचा स्नायू दुखावून सहा आठवडे बसलात की पगाराला तेवढी कात्री लागते. म्हणून हे लोक अर्धवट बरे असताना खेळतात, आणि तोच स्नायू पुन्हा फाटतो.

आता आठवडा कसा असतो ते पाहू. साखळीचे ४६ सामने, वर एफए कप, लीग कप आणि ईएफएल ट्रॉफी या वेगळ्या स्पर्धा. शनिवारी दुपारी तीनला सामना. रविवारी सायकल नाहीतर पोहण्याचा तलाव. सोमवारी हलका सराव, मंगळवारी रात्री पुन्हा सामना, बुधवारी सुट्टी. गुरुवारी डावपेच, शुक्रवारी कॉर्नर-फ्री किकची उजळणी आणि लांबचा सामना असेल तर बस. कार्लाइल आणि प्लिमथ काही वर्षं एकाच लीगमध्ये होते, अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून पणजीला जाऊन नव्वद मिनिटं धावायचं आणि परतायचं, असं समजा. मंगळवारी सामना असला की नवं काही शिकवायला वेळच उरत नाही. जे येतं त्यावर भागवायचं. म्हणून या पातळीवर प्रशिक्षकाला हुशार मिडफिल्डरपेक्षा भरवशाचा मिडफिल्डर आधी हवा असतो.

भरवशाचा म्हणजे काय, ते ‘सेकंड बॉल’वरून कळतं. गोलकीपरने लांब किक मारली. त्यांचा स्ट्रायकर (पुढचा गोल करणारा) आणि आपला सेंटर बॅक (बचावातला मधला खेळाडू) उडी मारतात, डोकी आपटतात आणि चेंडू आठ-दहा मीटरवर कुठेतरी पडतो. तो पडलेला चेंडू म्हणजे सेकंड बॉल. खालच्या लीगमध्ये, विशेषतः जानेवारीच्या चिखलात, निम्मा खेळ त्याचाच. नवखा मिडफिल्डर मान वर करून हवेतला चेंडू बघत राहतो. अनुभवी माणूस उडी मारणाऱ्या दोघांचे पाय बघतो. आधी कोण उठला, कोण मागे ढकलला गेला, यावरून चेंडू कुठल्या बाजूला पडेल ते त्याला आधीच समजतं. चेंडू पडण्याआधी तो एकदा खांद्यावरून मागे बघतो आणि अर्धा वळलेला उभा राहतो, म्हणजे पहिल्याच स्पर्शात चेंडू मोकळ्या बाजूला नेता येतो.

४-४-२ मध्ये, म्हणजे चार बचावात, चार मधल्या फळीत आणि दोन पुढे अशा रचनेत, मध्यभागी दोघेच असतात. तिथली सर्वांत महाग चूक म्हणजे दोघांनी एकाच चेंडूवर धावणं. बचाव फळीसमोर खड्डा पडतो, समोरचा तिथून सरळ आत शिरतो, आणि शिव्या खातो सेंटर बॅक. एकाने जायचं, दुसऱ्याने आठ-दहा मीटर मागे तिरकं थांबायचं, आणि हे ओरडून ठरवायचं. मैदानाजवळ बसलात तर हे ओरडणं ऐकू येतं. टीव्हीवर नाही येत.

पिवळ्या कार्डांचाही हिशेब असतो. पहिल्या १९ साखळी सामन्यांत पाच पिवळी झाली की एका सामन्याची बंदी. ३७ सामन्यांपर्यंत दहा झाली की दोनची. धसमुसळ्या मिडफिल्डरचं चौथं कार्ड ऑक्टोबरमध्येच पडतं आणि मग महिनाभर तो टॅकल करताना हात आखडता घेतो. समोरच्या संघालाही हे माहीत असतं. ते मुद्दाम त्याच्याच बाजूने चेंडू नेतात.

कॉपिंजरकडे येऊ. जन्म १९८१ चा, ईशान्य इंग्लंडातला. कोवळ्या वयात न्यूकॅसलने घेतलं, पण पहिल्या संघात तो जेमतेम दिसला. हार्टलपूलला दोनदा उसना गेला. उसना जाणं म्हणजे मोठ्या क्लबने तरुणाला खऱ्या सामन्यांच्या पाण्यात ढकलणं. जो तरतो त्याचं भलं होतं, पण बहुतेकांच्या बाबतीत परतल्यावर दारावर दुसऱ्याच नावाची पाटी असते. २००२ मध्ये तो एक्झेटरला गेला आणि पुढच्याच वर्षी एक्झेटर लीगबाहेर फेकला गेला. बावीस-तेविसाव्या वर्षी न्यूकॅसलहून पाचव्या पायरीवर! इथून पुष्कळजण वर दिसतच नाहीत.

२००४ मध्ये डॉनकॅस्टरने त्याला घेतलं, आणि तो २०२१ पर्यंत तिथेच राहिला. सहाशेहून जास्त सामने, क्लबचा विक्रम. डॉनकॅस्टर म्हणजे कोळसा आणि रेल्वेचं गाव. फ्लाइंग स्कॉट्समन हे इंजिन १९२३ मध्ये तिथल्याच कारखान्यात बनलं. या सतरा वर्षांत क्लब २००८ मध्ये चॅम्पियनशिपला गेला, २०१२ मध्ये खाली, २०१३ मध्ये वर, २०१४ मध्ये खाली, २०१६ मध्ये आणखी खाली, २०१७ मध्ये वर. घसरण झाली की क्लब आधी महागडे जुने काढतो. कॉपिंजर टिकला, कारण तो जागा बदलत गेला. सुरुवात पुढच्या फळीत, मग उजव्या बगलेला, आणि वय वाढल्यावर मध्ये. तिशीनंतर एकूण धावण्याचं अंतर फारसं घटत नाही. घटते ती लागोपाठ दहा-पंधरा वेळा सुसाट सुटण्याची ताकद. बगलेवर ती रोज लागते. मध्ये तिच्या जागी नजर चालते. ग्रॅहम अलेक्झांडर हे याचंच दुसरं उदाहरण. वर्षानुवर्षं खालच्या लीगांत राइट बॅक (उजवीकडचा बचावपटू), मग बर्नलीत बचावात्मक मिडफिल्डर, आणि ३७ व्या वर्षी, २००९ मध्ये, प्रीमियर लीगमधला पहिला सामना.

एकाच क्लबात राहणं हा मात्र नियम नव्हे. टोनी फोर्डने १९७५ ते २००१ या काळात ९३१ साखळी सामने खेळले; गोलकीपर सोडून कुणाचेही इतके नाहीत. ग्रिम्सबी, स्टोक, वेस्ट ब्रॉम, पुन्हा ग्रिम्सबी, स्कन्थॉर्प, मॅन्सफील्ड, रॉचडेल असा त्याचा प्रवास. तोही उजव्या बगलेवरून मागे सरकत राइट बॅक झाला.

कॉपिंजरची एक धाव सांगतो. २७ एप्रिल २०१३, ब्रेंटफर्डचं मैदान ग्रिफिन पार्क, लीग वनच्या हंगामाचा शेवटचा दिवस. डॉनकॅस्टरला वर जायला बरोबरी पुरेशी, ब्रेंटफर्डला विजय हवा. ०-० असताना जादा वेळेत ब्रेंटफर्डला पेनल्टी मिळते. ठरलेला माणूस बाजूला राहतो, तरुण मार्सेलो ट्रोट्टा चेंडू घेतो आणि आडव्या खांबावर मारतो. खांबाला लागून आलेला चेंडू चालूच असतो, पण ब्रेंटफर्डचे जवळजवळ सगळे गोलसमोर जमलेले. डॉनकॅस्टरने चेंडू बाहेर काढला, बिली पेंटर तो घेऊन सुटला, आणि त्याच्या बरोबरीने मैदानाची जवळजवळ पूर्ण लांबी धावला बत्तीस वर्षांचा कॉपिंजर. पेंटरने आडवा पास दिला, कॉपिंजरने रिकाम्या जाळ्यात ढकलला. १-०. बोर्नमथला एका गुणाने मागे टाकून डॉनकॅस्टर विजेता. लोक दैव म्हणतात. मी त्याला सवय म्हणेन. हंगामाच्या शेवटच्या मिनिटालाही तो धावायला तयार होता, आणि बाकीचे पेनल्टी बघण्यात गुंग होते.

तो थांबला मे २०२१ मध्ये, चाळीस वर्षांचा होऊन. कोविडमुळे तेव्हा मैदानं रिकामी होती. ज्यांनी त्याला सतरा वर्षं पाहिलं, त्यांनी शेवटचा सामना घरी स्क्रीनवर पाहिला. पुढच्या हंगामाअखेर डॉनकॅस्टर पुन्हा लीग टूमध्ये घसरला.