बेलीझचा रीफ कुणी राखला

मंडळी, नमस्कार. मेक्सिकोच्या खाली, ग्वाटेमालाच्या पूर्वेला, कॅरिबियन समुद्राला लागून एक छोटा देश आहे, बेलीझ. क्षेत्रफळ जेमतेम २३ हजार चौरस किलोमीटर, वस्ती चार लाखांच्या आसपास. १९८१ पर्यंत ब्रिटिशांचं राज्य होतं, त्यामुळे इंग्रजीवर सगळीकडे निभावतं. जूनमध्ये मुलांच्या सुट्टीत आम्ही थोड्या दिवसांसाठी तिथे जाऊन आलो.

जूनमध्ये तिथेही पाऊस सुरू होतो, पण आम्ही होतो तेव्हा कोकणासारखी झड काही लागली नाही. दणदणीत सर यायची आणि थोड्या वेळात पुन्हा ऊन. या दिवसांत किनाऱ्यावर सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी येऊन पडतं आणि कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. पांढऱ्या वाळूचे फोटो बघून निघणाऱ्यांनी हे धरूनच चालावं.

आम्ही गेलो होतो रीफसाठी. किनाऱ्याला समांतर सुमारे ३०० किलोमीटर पसरलेली प्रवाळाची रांग. ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरियर रीफ जगात सर्वांत मोठा, त्यानंतर या भागातल्या रीफचं नाव घेतात. सॅन पेद्रो या गावातून बोटीने थोडं गेलं की होल चान हे राखीव क्षेत्र लागतं. ते १९८७ साली झालं. आपलं मालवणचं सागरी अभयारण्यही १९८७ चंच. म्हणून हा विषय तुमच्यासमोरच मांडावा असं मला वाटलं.

गाईडशिवाय तिथे पाण्यात उतरता येत नाही, आणि गाईडकडे परवाना लागतो. आमच्या गाईडने बोटीतच बजावलं: प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही, दमलात तर पाठीवर तरंगा. आमच्यातल्या एकाचा पाय खाली जाऊ लागला तेव्हा त्याने क्षणात पोहत येऊन त्याला बाजूला ओढलं. खाली जांभळे समुद्रपंखे, म्हणजे पंख्याच्या आकाराचे प्रवाळ, लाटेबरोबर डुलत होते. जवळच शार्क रे अ‍ॅली नावाची उथळ जागा आहे. तिथे पूर्वी कोळी मासे साफ करायचे, आतडी पाण्यात टाकायचे. त्या सवयीने नर्स शार्क आजही इंजिनाचा आवाज आला की बोटीभोवती गोळा होतात. तपकिरी, जाड कातडीचे, तोंडाशी दोन मिशा. आपण शांत राहिलो तर अंगाला न लागता बाजूने निघून जातात.

हे सगळं आपोआप टिकलेलं नाही. १९९६ मध्ये हा रीफ जागतिक वारसा झाला आणि २००९ मध्ये युनेस्कोने त्याला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं, कारण कांदळवनं तोडून बांधकामं चालली होती. समुद्रात तेल शोधायचे परवाने दिले गेल्याचंही याच काळात उघड झालं. लोकांनी सार्वमतासाठी सह्या गोळा केल्या, त्यातल्या हजारो सह्या सरकारने बाद ठरवल्या. मग संस्था आणि नागरिकांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वतःच मतदान घेतलं. २९ हजारांहून जास्त लोक मत द्यायला आले आणि ९६ टक्क्यांनी समुद्रातल्या तेलाला नकार दिला. त्या मताला कायद्याचं बळ नव्हतं. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या समुद्रात तेलउत्खननाला स्थगिती देणारा कायदा आला आणि २०१८ मध्ये युनेस्कोने धोक्याच्या यादीतून नाव काढलं. एवढ्याशा देशाने तेलाच्या पैशावर पाणी सोडलं, याचं मला फार मोल वाटतं.

आणि यात मच्छीमार बाहेर राहिला नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. होल चानचे विभाग पाडलेत. गाभ्यात मासेमारी पूर्ण बंद, बाकी ठिकाणी नियमांनुसार. आता देशभर कोळ्याला ठरावीक क्षेत्राचाच परवाना मिळतो, म्हणजे आपला पट्टा राखण्यात त्याचा फायदा असतो. आम्ही गेलो तेव्हा लॉबस्टरची बंदी होती, ती जूनअखेर संपते. हॉटेलात मागितलं तर सरळ नाही म्हणाले, आणि खोबऱ्याच्या दुधातला मासा, सोबत कुटलेली कच्ची केळी असा तिथल्या गारिफुना समाजाचा हुदुत हा पदार्थ पुढे आला. नारळाच्या रसातला मासा खाऊन वाढलेल्या माणसाला तो परका कसा लागेल? आपल्याकडे अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून मच्छीमारांचा विरोध आहे. माझ्या मते तो रास्त आहे. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याला आधी विचारायला हवं.

तापणाऱ्या समुद्रापुढे मात्र असले नियम पुरे पडत नाहीत. पाणी जास्त काळ गरम राहिलं की प्रवाळ पांढरा पडतो, पुढे मरतो. दक्षिणेला लाफिंग बर्ड के या बेटाजवळचा प्रवाळ २००१ च्या आयरिस वादळाने मोडला होता. तिथे प्लासेन्सिया गावातली माणसं शिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळाचे तुकडे वाढवून समुद्रतळाच्या खडकावर सिमेंटने बसवतात. त्या कामाला गावातलेच कोळी आणि गाईड शिकवून तयार केलेत, आणि त्याची त्यांना मजुरी मिळते.